मुरत ठेवलेलं रबर

टेबल टेनिसच्या बॅटला लावायचं रबर निवडायला माणसाला किती वेळ लागावा? दुकानात जावं, दोन-चार पाकिटं बघावीत, परवडेल ते घ्यावं आणि घरी यावं. अर्धा तास धरा. दुकानदार गप्पिष्ट असला तर पाऊण. अंबादास मुळे यांना अकरा वर्षं लागली, आणि त्या अकरा वर्षांत त्यांनी घेतलं काहीच नाही. शेवटी मिळालं ते फुकट मिळालं, आणि मिळाल्यावर पुढची नऊ वर्षं त्यांनी ते बॅटला लावलं नाही. ही सगळी वर्षं मी ऑफिसात त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून काढली, त्यामुळे यातलं काहीही मी ऐकीव सांगत नाही.

मुळेसाहेब मूळचे पाचोडचे. जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती. 'फौजा आल्या तवा तू पाळण्यात व्हतास,' एवढाच आईचा हिशेब. म्हणजे पोलीस ॲक्शनच्या आगेमागे केव्हातरी. शाळेत घालताना गुरुजींनी आपल्या सोयीची एक तारीख टाकून दिली आणि त्या तारखेवर साहेब पुढं नोकरीला लागले, बढती घेतली आणि निवृत्तही झाले. त्यांचे वडील पाचोडच्या आठवडी बाजारात बैल बघायला जायचे. दात मोजायचे, शेपटी ओढायचे, खुरं उचलून बघायचे आणि संध्याकाळी मोकळ्या हातानं घरी यायचे. पण वडिलांना निदान शेत नांगरायचं होतं, त्यामुळे दोन-तीन वर्षांत कधीतरी बैल दावणीला यायचाच. मुलाला तशी कसलीच निकड नव्हती.

आमचं सरकारी ऑफिस औरंगाबादला स्टेशनच्या बाजूला होतं. मागच्या बाजूला एक जुनी रेकॉर्ड रूम होती. तिथल्या फायली वाळवीनं खाल्ल्यामुळे ती रिकामी झाली आणि मार्चअखेर कुठल्याशा शिल्लक अनुदानातून तिथं एक टेबल टेनिसचं टेबल येऊन पडलं. ते कुणी मागितलं नव्हतं. पहिलं वर्षभर आम्ही त्यावर डबे खाल्ले. चहाची किटली ठेवून ठेवून त्याचा एक कोपरा फुगला, आणि पुढं त्या कोपऱ्यावर पडलेला चेंडू कुठं जाईल हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मग आवक-जावक शाखेतल्या कादरीभाईंनी कुठूनशी एक जाळी आणली आणि जेवणाची सुट्टी संपल्यावरही अर्धं ऑफिस जागेवर सापडेनासं झालं.

मुळेसाहेब पहिल्या दिवशी खेळले नाहीत. त्यांनी कादरीभाईंची बॅट हातात घेतली, उलटसुलट केली, रबरावर अंगठा दाबला, नाकाशी नेली, आणि म्हणाले, "ह्याचा अभ्यास करावा लागंल."

तो अभ्यास अकरा वर्षं चालला. दर शनिवारी अर्ध्या दिवसाचं ऑफिस सुटलं की साहेब गुलमंडीत खेळाच्या सामानाच्या एका दुकानात जायचे. रबर मागायचे, त्यावर 'हाऽ' करून फुंकर घालायचे, धोतराच्या जुन्या फडक्यानं पुसायचे, त्याला चेंडू चिकटवून उलटा धरायचे आणि तो किती वेळात पडतो ते मनातल्या मनात मोजायचे. मग वास. वासावरून रबराचं वय कळतं असं ते सांगायचे. कुठून शिकले ते कुणी विचारलं नाही. शेवटी एकदा दुकानाचे शेठ हात जोडून म्हणाले, "साहेब, खुर्ची देतो, चहा देतो, रोज या. पण वास घेऊ नका. नवीन गिऱ्हाईक बिचकतंय." त्या दिवसापासून साहेब वास दुकानाबाहेर, पायरीवर जाऊन घ्यायला लागले.

या अभ्यासातून त्यांनी एक शास्त्र काढलं. रबराला तीनच गुण: स्पिन, कंट्रोल आणि टिकाऊपणा. प्रत्येकाला दहापैकी मार्क. "तिन्ही एकात मिळत न्हाईत टेकाळे," ते मला सांगायचे. "स्पिन वाढली की कंट्रोल गेला. दोन्ही आले की टिकाऊपणा गेला. ज्याला तिन्ही मिळाले असं वाटतं ना, त्याला दुकानदारानं गंडवलेलं असतंय." हे तसं बरोबर होतं. आजही कुठलाही शहाणा खेळाडू हेच सांगेल. फक्त तो एवढं सांगून खेळायला जाईल, आणि साहेब एवढं सांगून थांबायचे.

पुढं पुढं ते सगळ्या जगालाच मार्क द्यायला लागले. नवीन साहेब बदलून आले की संध्याकाळपर्यंत निकाल: "स्पिन आठ, कंट्रोल दोन. दीड वर्षात बदली." छताच्या पंख्याला मार्क, कॅन्टीनच्या शेवभाजीला मार्क, पुतणीला बघायला आलेल्या स्थळाला मार्क. ते स्थळ बिचारं पोहे खात होतं आणि साहेब शेजारी बसून त्याच्या हाताला घाम येतो का ते बघत होते. मलाही एकदा तोंडावर सांगितलं, "टेकाळे, तुम्ही स्पिन दोन, कंट्रोल सात, टिकाऊपणा नऊ. क्लार्क म्हणून लई चांगलं." मी दोन दिवस खूश होतो. तिसऱ्या दिवशी त्या 'दोन'चा अर्थ लागला.

ऑफिसात कुणालाही बॅट घ्यायची असली की आधी साहेबांकडे जावं लागे. ते अर्धा तास उलटतपासणी घ्यायचे. घाम किती येतो, पान खाता का, स्वभाव तापट आहे का, घरात बॅट कुठं ठेवणार. डॉक्टरनं विचारावं असं बारीक बारीक विचारून झालं की डोळे मिटायचे आणि सल्ला द्यायचे. सल्ला सगळ्यांना एकच: जाड, काळं, देशी रबर. स्पिन तीन, कंट्रोल आठ, टिकाऊपणा नऊ. मीही तेच घेतलं. ते आजही धडधाकट आहे, कारण बॅट पंचवीस वर्षं माळ्यावर आहे.

आणि त्यांचा स्वतःचा खेळ? ऑफिसच्याच एका काळ्या रबराच्या बॅटनं साहेब चेंडू नुसता ढकलायचे. बॅट पाटीसारखी सरळ धरायची आणि आलेला चेंडू परत लोटायचा. त्याला स्पिन द्यायची तर रबर चेंडूवर घासावं लागतं, आणि घासलं की झिजतं. म्हणून साहेब घासत नसत. ज्या माणसानं आयुष्याची ऐन वर्षं स्पिनचं रबर शोधण्यात घालवली, त्यानं एकाही चेंडूला कधी स्पिन दिली नाही. खेळून झालं की बॅटवर दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक चढवायचं, वर फडकं, त्यावर रबर बँड, आणि मग टेबलाच्या खणात कुलूप.

कादरीभाईंचं सगळं उलटं. त्यांच्या बॅटवरचे रबराचे दाणे कधीच झडले होते, मधोमध एका ठिकाणी तर लाकूड दिसत होतं. ते बॅट खिडकीत टाकून जायचे, तिच्यानं डास मारायचे, कधी कागद उडू नयेत म्हणून फायलीवर ठेवायचे. साहेबांनी त्या रबराला दिलेले मार्क प्रसिद्ध होते: "स्पिन शून्य, कंट्रोल दोन, टिकाऊपणा संपला." ऑफिसच्या वार्षिक स्पर्धेत याच बॅटनं कादरीभाई साहेबांना दरवर्षी हरवायचे. एकवीस-नऊ, एकवीस-अकरा. हरल्यावर साहेब त्यांचं रबर पुन्हा एकदा तपासायचे. कादरीभाई घाम पुसत म्हणायचे, "मुळे साब, बॉल कू देखो. रबर कू कायकू देखते?"

एका वर्षी ऐन स्पर्धेच्या तोंडावर कादरीभाईंचा धाकटा भाऊ जेद्दाहून सुट्टीवर आला. कादरीभाईंनी त्याच्याकडून एक पाकीट मागवून घेतलं होतं. दुपारी डबा खाताना त्यांनी ते साहेबांपुढं ठेवलं. जपानी रबर, लालभडक, पातळ पारदर्शक कागदात बंद. वर जपानी अक्षरं. "लो, अब खतम करो रिसर्च," कादरीभाई म्हणाले.

साहेबांचा घास हातातच राहिला. मी त्यांना असं आधी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी हात धुतले, पुसले, पाकीट उचललं. कागदावरून अंगठा फिरवला. त्यांचा उभट चेहरा एकदम लहान पोरासारखा झाला. "स्पिन साडेनऊ," ते हळूच म्हणाले. "कंट्रोल... आठ. किती टिकंल हो कादरीभाई?"

"रोज खेले तो तीन-चार महिने."

"तीन महिने?" नात्यातल्या कुणाच्या आजाराची बातमी कळावी तसा त्यांचा आवाज झाला. पाकीट त्यांनी फाईलमध्ये घातलं, फाईल ब्रीफकेसमध्ये घातली आणि ब्रीफकेसला कुलूप लावलं. त्या वर्षीची स्पर्धा ते काळ्या रबरावर खेळले आणि एकवीस-दहानं हरले.

मुकुंदवाडीला स्टेशनजवळ साहेबांचं तेव्हा पत्र्याचं घर होतं. आतल्या खोलीत लोखंडी कपाट, त्यात वहिनींचा लग्नातला शालू, शालूच्या घडीत ते पाकीट आणि भोवती डांबरगोळ्या. पाहुण्याला आधी चहा मिळायचा, मग पाकिटाचं दर्शन. मी तीनदा घेतलं. तिन्ही वेळा मोरीवर जाऊन हात धुवावे लागले. दरवर्षी स्पर्धा आली की आम्ही विचारायचो, "साहेब, यंदा लावणार का?" आणि साहेब म्हणायचे, "यंदा नाय. मोठ्या मॅचला लावू."

इथपर्यंत सगळी गंमत होती. आम्ही हसायचो, साहेबही हसायचे, कुणाचं काही बिघडत नव्हतं. बिघडायला लागलं ते संजीवनीमुळं.

संजीवनी ही साहेबांची एकुलती एक मुलगी. शनिवारी शाळा सुटली की वडिलांबरोबर घरी जायला ऑफिसात यायची आणि वडील गुलमंडीहून परत येईपर्यंत कादरीभाईंशी खेळत बसायची. दोन-तीन वर्षांत तिनं आम्हा सगळ्यांना एकेक करून हरवलं. मला तर डाव्या हातानं हरवलं. कादरीभाई म्हणायचे, "बच्ची का हाथ स्पिन का है." ते खरं होतं. तिचं मनगट असं फिरायचं की चेंडू टेबलावर पडून बाजूला पळायचा. आणि या मुलीच्या बॅटला साहेबांनी काय लावून दिलं होतं? जाड, काळं, देशी. कंट्रोल आठ. त्या टायरच्या तुकड्यातून ती एवढी स्पिन काढायची कशी हे मला अजून कळलेलं नाही.

ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी लागली. पाचपैकी चार जागा भरल्या होत्या आणि शेवटच्या जागेसाठी संजीवनी आणि परभणीची एक उंच मुलगी यांच्यात सामना होणार होता. आदल्या दिवशी ती ऑफिसात आली आणि आमच्या सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, ते लाल रबर मला द्या."

साहेब फाईल बघत होते. त्यांनी मान वर केली नाही. "ते निवड चाचणीला नाय बेटा. मोठ्या मॅचला लावू."

"मला याच्याहून मोठी मॅच नाही, बाबा."

"येईल. आपोआप कळतं."

दुसऱ्या दिवशी मी आणि कादरीभाई दोघंही रजा टाकून साहेबांबरोबर गेलो. तिसऱ्या गेममध्ये एकोणीस-एकोणीस झालं होतं. संजीवनीनं दोनदा मनगट फिरवून असा फटका मारला की तो वळायलाच हवा होता, आणि दोन्हीदा चेंडू त्या काळ्या रबरावरून घसरून जाळीत गेला. ती हरली. परतीच्या रिक्षात ती कडेला बसली होती. तेवढ्यात साहेबांनी तिच्या मांडीवरची बॅट उचलली, उजेडात धरली आणि समाधानानं म्हणाले, "बघ. एवढी मॅच झाली, कुठं पापुद्रा गेला नाय. पुढच्या वर्षीपण चालंल."

मी आयुष्यात फार थोड्या लोकांवर चिडलो आहे. त्या रिक्षात मी साहेबांवर चिडलो, आणि त्यातला थोडा राग आजही शिल्लक आहे. मुलीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि बाप पापुद्रे मोजत होता.

त्यानंतर वर्षभर संजीवनी ऑफिसात आली नाही. ती कॉलेजच्या टेबलावर खेळायची. घरात, वहिनी सांगायच्या, ती त्या कपाटातून स्वतःचे कपडेसुद्धा काढत नसे. दोरीवरचे घालायची. साहेबांना हे दिसत होतं की नाही देव जाणे. त्यांनी तिला मार्क मात्र कधी दिले नाहीत. सगळ्या जगाला दिले, तिला नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा चाचणी आली. तिचं शेवटचं वर्ष होतं, म्हणजे या खेपेला गेलं ते कायमचं गेलं. पुन्हा एकच जागा राहिली आणि समोर पुन्हा तीच परभणीची मुलगी. संजीवनीनं या वेळी काहीच मागितलं नाही. मग कादरीभाई उठले आणि साहेबांच्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. एरवी अघळपघळ बोलणारा माणूस, पण त्या दिवशी आवाज खाली होता.

"मुळे साब, वो रबर मैं खेलने कू दिया था. दफन करने कू नहीं."

साहेबांनी समोरची फाईल मिटली. संध्याकाळी सायकल न घेताच घराकडे चालत गेले. दुसऱ्या दिवशी सामन्याच्या अर्धा तास आधी ते हॉलमध्ये हजर. हातात कात्री, सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन आणि शालूच्या घडीतलं पाकीट. "आण बॅट," ते संजीवनीला म्हणाले. तिनं त्यांच्याकडे बघितलं. मला वाटतं वर्षभरात पहिल्यांदाच नीट बघितलं. मग बॅट दिली.

साहेबांनी बॅटच्या एका बाजूचं काळं रबर ओढून काढलं. ते टिकाऊ होतं, त्यामुळे सरळ निघालं नाही, फाटून दोन तुकडे झाले. मग त्यांनी पाकिटाचा पातळ कागद दातानं नाही, कात्रीनं, कडेकडेनं कापला. डांबरगोळ्यांचा वास सुटला. लाल रबर आरशासारखं चकचकत होतं. साहेबांनी ते दोन बोटांत धरून जरासं वाकवलं आणि कडेला कट्‌ असा आवाज झाला.

मुकुंदवाडीच्या पत्र्याखाली, लोखंडी कपाटात, नऊ उन्हाळे. रबर वाळून पापडासारखं झालं होतं. साहेबांनी चेंडू त्यावर दाबला. तो घरंगळून खाली पडला. 'हाऽ' करून फुंकर घातली, फडक्यानं पुसलं, पुन्हा दाबला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा चेंडू मीच उचलून दिला. तेव्हा त्यांनी तो नुसता मुठीत धरून ठेवला, आणि खरं सांगतो, एवढा रागावलेला असूनही मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

तिकडं संजीवनीचं नाव पुकारलं. त्या बाजूचं जुनं रबर फाटलेलं, लावायला दुसरं जवळ नाही. "लावा बाबा," ती म्हणाली. "वेळ नाही."

पहिला गेम तिनं सहज गमावला. सवयीनं मनगट फिरवायची आणि चेंडूला काहीच लागायचं नाही. काचेवरून घसरावा तसा तो घसरायचा. पण दुसऱ्या गेमच्या मध्यावर तिच्या काहीतरी लक्षात आलं. समोरची मुलगी त्या लाल रबराला घाबरली होती. नवंकोरं, चकचकीत, परदेशी. यातून भयंकर स्पिन येणार हे धरूनच ती खेळत होती. संजीवनी खालून जोरात कापल्यासारखी बॅट फिरवायची. परभणीच्या मुलीला वाटायचं, चेंडूला उलटी फिरकी आहे, म्हणून ती तो वर उचलायची. चेंडूला फिरकी नसायचीच. तो सरळ टेबलाबाहेर जायचा. त्या मुलीच्या भारी भारी सर्व्हिससुद्धा त्या रबरावर येऊन मरायच्या. कादरीभाईंनी माझा दंड धरून ठेवला होता. तिसरा गेम एकवीस-सतरा. संजीवनी संघात गेली.

निवड समितीतले एक सर कुतूहलानं आले. बॅट हातात घेऊन म्हणाले, "विलक्षण रबर आहे हो. कुठलं?"

आणि मुळेसाहेब पुढं झाले. सामन्याआधी ज्या माणसाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, तो ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "जपानी. मुद्दाम नऊ वर्षं मुरवलंय."

कादरीभाई खोकत खोकत हॉलच्या बाहेर गेले. संजीवनीनं ते ऐकलं. तिनं सरांच्या हातातून बॅट घेतली, वडिलांच्या हातात ठेवली आणि पाणी प्यायला निघून गेली. जिंकल्यानंतरचं पहिलं वाक्य ती वडिलांशी बोलली नाही, कादरीभाईंशी बोलली. साहेबांच्या ते गावीही नव्हतं. ते सरांना डांबरगोळ्यांचं प्रमाण समजावत होते.

सोमवारी ऑफिसात शास्त्र बदललं. तीन गुणांच्या जोडीला चौथा आला: मुरवण. रबर ताजं लावणं हा आता अडाणीपणा ठरला. आमच्या तीन क्लार्कांनी खरोखरच नवी रबरं आणून ट्रंकेत ठेवली, आणि मी माझी बॅट माळ्यावर टाकली ती याच सुमारास. हे मी कुणाला सांगत नाही.

संजीवनी पुढं वैजापूरला एका शाळेत खेळाची शिक्षिका झाली. तिथल्याच एका शिक्षकाशी तिनं स्वतः ठरवून लग्न केलं. साहेबांनी जावयाला मार्क दिले: "कंट्रोल नऊ. बाकीचं संजी बघून घेईल." काही वर्षांनी दोघं शहरात आले आणि मुकुंदवाडीच्या घरावर स्लॅब टाकल्यावर वरच्या मजल्यावर तिनं टेबल टाकून शिकवणी सुरू केली. दरवर्षी वाढदिवसाला, म्हणजे पाचोडच्या गुरुजींनी टाकून दिलेल्या त्या तारखेला, ती वडिलांना एक नवं लाल रबर द्यायची. साहेब 'वा' म्हणायचे आणि पाकीट कपाटात ठेवायचे. ती टोमणा मारत होती की माया करत होती, हे मला कधी ठरवता आलं नाही. बहुतेक दोन्ही.

मी त्यांना शेवटचं भेटलो तोवर शहराचं नाव बदललं होतं, कादरीभाई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि साहेब पंचाहत्तरीच्या पुढं होते. पाय हळू पडायचे. मला बघितल्याबरोबर म्हणाले, "टेकाळे, टिकाऊपणा नऊ दिला व्हता तुम्हाला. चुकलो नाय." मग कपाट उघडलं. आत पाकिटांची ओळ. प्रत्येकावर चिठ्ठी, चिठ्ठीवर साल. "मुरू राह्यले," ते म्हणाले. पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता.

तेवढ्यात संजीवनी आली. तिचेही केस आता पिकायला लागले होते. ओळीतलं शेवटचं, त्याच आठवड्यात आणलेलं पाकीट तिनं उचललं आणि दातानं टरकावलं.

"अगं, अगं..."

"वर चला बाबा."

जिना चढायला त्यांना वेळ लागला. तोवर तिनं रबर बॅटला चिकटवून ठेवलं होतं. साहेबांनी बॅट हातात घेतली. "किती टिकंल?"

"रोज खेळलात तर तीन महिने."

ते टेबलाच्या टोकाला जाऊन उभे राहिले. तिनं हळू चेंडू टाकला. त्यांनी जन्मभराच्या सवयीनं लोटला, आणि तो उसळून भिंतीवरच्या कॅलेंडरवर जाऊन आदळला. "कंट्रोल पाच," साहेब पुटपुटले. तिनं दुसरा टाकला. या वेळी त्यांचं मनगट जरासं वर फिरलं. रबर चेंडूवर घासलं गेलं. चेंडू जाळीवरून वळला, टेबलावर टेकला आणि संजीवनीच्या बॅटला चुकवून बाजूला पळाला. ती वळून बघतच राहिली.

साहेबांनी अंगठा रबरावर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग वर न बघता म्हणाले, "संजे, त्या पहिल्या साली... तू ऑफिसात मागाय आली व्हतीस. तवाच द्यायला पायजे व्हतं."

संजीवनी खाली वाकून चेंडू शोधत होती. चेंडू तिच्या पायाशीच होता. "हं," ती म्हणाली.

साहेबांनी खिशातून फडकं काढलं, रबर पुसायला वर नेलं आणि मध्येच थांबले. फडकं परत खिशात कोंबलं.

"टाक अजून एक."

मला बस गाठायची होती. निघतो म्हणालो ते दोघांपैकी कुणाच्याच कानावर गेलं नाही. मी जिना उतरून रस्त्याला लागलो तरी वरून चेंडूचा आवाज येत होता, आणि साहेब घासतच होते.